बेशरमपणाची तळटीप

ये वं रश्मी, अशी जवळ ये. तिथं दारात नको, इथं माझ्यापाशी खुर्ची ओढ. आता मी रागावणार आहे आणि तू गुपचूप ऐकून घेणार आहेस. बंटीच्या लग्नात तू तुझ्या सासूबाईंना काय सांगून राहिली होतीस? "ही आमची शालूआत्या. चर्चवाल्यांच्या ऑफिसात टायपिंग करायची." मी मागंच उभी होते, हातात मठ्ठ्याचा ग्लास घेऊन. टायपिंग! चौतीस वर्षांच्या नोकरीचा एका शब्दात निकाल लावलास. फोनवर तू "हो हो आत्या" म्हणतेस आणि पलीकडे कुकरची शिट्टी मोजतेस, म्हणून आता लिहूनच काढलं आहे. समोर बसल्यासारखं वाच. बाकीच्यांनी ऐकलं तरी माझी हरकत नाही.

तर बुधवार होता. सकाळचे साडेअकरा. नागपुरात सदर भागातल्या आमच्या ऑफिसात लांब टेबलावर आठ कागद एका ओळीत मांडलेले. टेबलाच्या एका बाजूला ग्रेस मॅडम, बंगळुरूहून आलेल्या. दुसऱ्या बाजूला मी. खिडकीजवळच्या खुर्चीत पाद्रीसाहेब, डोळ्यांत ड्रॉप्स टाकून मान वर केलेले. ग्रेस मॅडमनी आठही कागद वाचले. मग पहिल्यापासून पुन्हा वाचले. मी मनातल्या मनात शाबासकीसाठी मान खाली घालून तयार होते.

"शालूताई," त्या म्हणाल्या, "हे आठही लोक 'आग्रह' म्हणतात."

"हो ना मॅडम. आठही जणांना बरोबर कळलं."

"पण तुमच्या ड्राफ्टमध्ये 'आग्रह' शब्दच नाही."

आता थोडं मागं जाऊन सांगते, नाहीतर तुला वाटेल आत्या कसल्या परीक्षेचे पेपर तपासत होती.

आमचं ऑफिस म्हणजे भाषांतराचं ऑफिस. बायबलचा नवा करार मुळात ग्रीक भाषेत लिहिलेला. त्यातलं एक शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या आयुष्याची हकिगत, आम्ही नागपुरी बोलीत आणत होतो. पुस्तकी मराठीत नाही. आपण घरात बोलतो त्या 'मले-तुले'त. भाषांतर करत होते पाद्रीसाहेब, म्हणजे रेव्हरंड आनंदराव. जन्म पारशिवनीजवळच्या खेड्यातला, वय ब्याऐंशी. मी तिथं खरोखरच टायपिस्ट म्हणून लागले, ते नाकारत नाही. मॅट्रिक पास, गणपती बसवणाऱ्या घरातली, चर्चची पायरी कधी चढले नव्हते. पण रोज ज्याचं टायपिंग करायचं ते मुळात काय आहे, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. पाद्रीसाहेबांचं ग्रीक व्याकरणाचं पुस्तक मागून घेतलं, रद्दीत निघालेल्या ड्राफ्टच्या पाठकोऱ्या कागदांवर अक्षरं गिरवली. भाजी चिरताना क्रियापदं म्हणायची. तुझे काका म्हणायचे, "भाजीला शिव्या देऊन राहिली का?" सहा-सात वर्षांत डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचता येऊ लागलं. मग मी तपासनीस झाले. पगारपत्रकावर शेवटपर्यंत टायपिस्टच होते, हा भाग वेगळा.

आता तो शब्द. येशू एक गोष्ट सांगतो. एका माणसाकडं अर्ध्या रात्री पाहुणा येतो. घरात खायला काही नाही. तो शेजारच्या मित्राचं दार वाजवतो आणि तीन भाकरी मागतो. मित्र आतून म्हणतो, मला त्रास देऊ नको, दार लावलंय, मुलं झोपलीत. पुढं येशू म्हणतो, मैत्रीसाठी तो उठणार नाही कदाचित, पण एका गोष्टीमुळं उठेल आणि लागेल तेवढं देईल. ती गोष्ट कोणती? ग्रीकमध्ये शब्द आहे 'अनाइदेया'. त्यातला 'आइदोस' म्हणजे लाज, भीड. पुढचा 'अन' हा आपल्या 'अनादर'मधल्या 'अन'सारखाच, नकाराचा. म्हणजे लाज नसणं. पण चर्चमध्ये लोकांनी पिढ्यानपिढ्या ऐकलेला शब्द आहे 'आग्रह'. मित्राच्या आग्रहामुळं तो उठला. किती सभ्य! जणू जिलबीचा आग्रह.

मी म्हटलं, "साहेब, डिक्शनरीत सरळ लाज नसणं लिहिलंय. आपल्या बोलीत बेशरमपणा."

पाद्रीसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. "येशूच्या तोंडी बेशरम? शालूबाई, माझ्या मायनं हा शब्द ऐकला असता तर मले त्या दिवशी जेवण नसतं देल्लं."

"तुमच्या मायला ग्रीक येत होतं का?"

"नाही. पण हात चांगला चालत होता तिचा."

असं सहा महिने चाललं. ते खोडून 'आग्रह' लिहायचे, मी टाइप करताना पुन्हा 'बेशरमपणा' करायचे. शेवटी तह झाला. टेस्टिंग करू. लोकांना कळलं तर शब्द ठेवू, नाहीतर आग्रह.

टेस्टिंग म्हणजे काय, तेही सांगते. भाषांतर झालं की ते लोकांना वाचून दाखवायचं आणि विचारायचं, आता हीच गोष्ट तुमच्या शब्दांत सांगा. ते जे सांगतील ते जसंच्या तसं लिहून घ्यायचं. आपण मदत करायची नाही, भुवईसुद्धा हलवायची नाही. त्यावरून कळतं की कागदावरचं त्यांच्या डोक्यात पोचलं की वाटेत सांडलं. हे कागद मग कन्सल्टंटकडं जातात. कन्सल्टंट म्हणजे बाहेरचा जाणकार, आमच्या कामाशी ज्याचं काही देणंघेणं नाही. त्याची सही झाल्याशिवाय प्रेस पुस्तक हातात घेत नाही. आमच्या कन्सल्टंट ग्रेस मॅडम. वर्षातून एकदाच यायच्या.

बाकीची सगळी प्रकरणं पारशिवनीकडं टेस्ट झाली होती. शेवटची राहिलेली तीन माझ्याकडं आली. त्या उन्हाळ्यात माझा गुडघा रुसलेला. एसटीत चढवेना. म्हणून मी सोय पाहिली. इथंच नागपुरात, जरीपटक्यात, आमच्या ओळखीची चार घरं होती. मूळची खेड्यातली, बोलायला चोख नागपुरी. पंखा लावून बसवायची, समोसे आणायची, आणि काय सुंदर उत्तरं द्यायची! मी वाचून संपवायच्या आत गोष्ट सांगायला सुरुवात. मला वाटलं, आमचं भाषांतर किती सोपं उतरलंय बघा.

आता तुझ्या लक्षात आलंच असेल. माझ्या आलं नव्हतं.

ग्रेस मॅडमनी विचारलं, "हे लोक चर्चला जातात?"

"दर रविवारी, मॅडम. एकीचे वडील तर संडे स्कूल घ्यायचे."

म्हणता म्हणताच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या आठ जणांनी माझा कागद ऐकलाच नव्हता. गोष्ट ओळखीची निघाली, त्यांनी लहानपणी पाठ केलेली म्हणून दाखवली. मी समोर बसून 'बेशरमपणा' वाचत होते, त्यांच्या कानात 'आग्रह' वाजत होता. आठ कागद, आठही पोपटाचे.

खिडकीजवळून हसण्याचा आवाज आला. पाद्रीसाहेबांचे खांदे हलत होते. "म्हणजे शालूबाई, तुमचा शब्द पास बी नाही अन् नापास बी नाही. परीक्षेलेच बसला नाही तो!"

"साहेब, हसू नका. तीन प्रकरणं गेली."

मग ते हसायचे थांबले. तुला सांगायचं राहिलं, त्यांना काचबिंदू होता. डावा डोळा आधीच गेलेला. उजवा हळूहळू कडेनं मिटत चाललेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जे गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते ड्रॉप्सनी जेवढं टिकेल तेवढं. या माणसानं अकरा वर्षं हे भाषांतर केलं, आणि त्याची एकच इच्छा होती. आपल्या आईच्या बोलीतलं छापील पुस्तक स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं. दुसऱ्यानं वाचून दाखवलेलं चालणार नव्हतं.

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला. "मॅडम, सही नाही झाली तर?"

"मग पुढच्या वर्षी, साहेब. मला वाईट वाटतं."

"नाही, नाही. तुम्ही बरोबर आहा." चष्मा पुसतच राहिले. त्यात पुसण्यासारखं काही नव्हतं.

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सीतामाईचं काय, तिची चूक नव्हती. माझी होती, आणि समोशांसकट होती.

"मॅडम, तुमची गाडी कधीची?"

"शुक्रवारी संध्याकाळी."

"म्हणजे उद्याचा दिवस आहे. मी कुहीकडं खेड्यात जाते."

"तुमचा गुडघा?"

"तोही येईल."

त्या हसल्या. "मग मीही येते. मला पाहायचंच आहे तुम्ही टेस्टिंग कसं करता." हे प्रेमानं म्हटलं होतं की खोचून, ते मला अजून कळलेलं नाही.

आपल्याकडं पोळ्या करणारी छबू आठवते ना? तिची मोठी बहीण सुगंधाबाई कुहीजवळ मिरचीच्या सातऱ्यावर कामाला. सातरा म्हणजे जिथं बायका ओळीनं बसून सुक्या मिरचीची देठं खुडतात ती जागा. आम्ही पोचलो तेव्हा तीसेक बायका तोंडाला पदर बांधून बसलेल्या, मध्ये लाल डोंगर. आम्हाला कोणी पदर बांधायला सांगितलं नाही. ग्रेस मॅडम नमस्कार म्हणायला गेल्या आणि 'नम'वरच शिंका सुरू झाल्या. एकामागून एक अकरा. बायकांनी मोजल्या.

"या बाईले घरी न्या वं," सुगंधाबाई म्हणाली, "नाहीतर नाक इथंच राहीन."

मी विचारलं, "तुमच्यापैकी चर्चमध्ये कोणी गेलंय का?"

"चर्च म्हणजे जेथं मोठी चांदणी टांगतेत ना, थंडीच्या दिवसांत? बसमधून पाहिलं हाय."

माझ्या कानांना इतकं गोड उत्तर त्या वर्षात मिळालं नव्हतं.

सातऱ्याचं एक बरं. हात कामात, कान रिकामे. मी वाचायला बसले. पहिल्या प्रकरणाला वेळ लागला, मग बायका रंगल्या. मध्येच प्रश्न, मध्येच हशा. दुपारी डबे सोडल्यावर ती पाहुण्याची गोष्ट आली. मी सावकाश वाचली. शेवटी म्हटलं, "दोस्त म्हणून तो उठणार नाही, पण त्याच्या बेशरमपणामुळे उठन, अन् लागन तेवढं देईन." आणि पुस्तक मिटल्यासारखा कागद खाली ठेवला. "आता सुगंधाबाई, तुम्ही सांगा."

तिनं घास गिळला. "पावना किती जण होते?"

"एकच."

"अन् तीन भाकरी? मोठा खानारा दिसते!"

सगळ्या हसल्या. मी भुवईसुद्धा हलवली नाही.

"सांगतो, थांब. एकाच्या घरी पावना आला. तांदूळ सरला होता. तो शेजारी गेला. शेजारी भाड्या आतून म्हणते, पोट्टे झोपले. मंग उठला अन् देल्लं त्यानं. झाली तुमची गोठ."

"काहून उठला?"

"बेशरमपणामुळे."

माझं मन उड्या मारू लागलं. नियमाप्रमाणं एक प्रश्न अजून विचारायचा असतो. "बेशरम कोण?"

सुगंधाबाईनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं तू मी मोबाईलवर काही विचारलं की पाहतेस. "कोण म्हणजे? झोपेल होता तो!"

मी तोंड उघडलं. सहा महिने ज्याच्यासाठी भांडले तो बेशरम मागणारा होता! दार वाजवणारा, चिकट, लाज सोडलेला! माझं "अहो पण" बाहेर पडणार, तेवढ्यात ग्रेस मॅडमनी रुमालाआडून माझं मनगट घट्ट धरलं. शिंक आली तरी सोडलं नाही.

"मागणारा बेशरम नाही का?" मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं.

"त्याले काहून बेशरम म्हणता वं बाई? सोतासाठी मागून राहिला होता का तो? पावन्यासाठी मांगाले कसली शरम?" ती आता डबा सोडून माझ्याकडं वळली. "मागच्या साली माह्या घरी जावई आला, न सांगता. हिच्या घरून तांदूळ आनला, त्या शांतीच्या घरून अंडे, अन् तेल त्या कोपऱ्यातलीच्या घरून. कोनाले इचारलं बी नाही, घेऊन आली. पावना काय एका घरचा असते? साऱ्या गल्लीचा असते."

कोपऱ्यातली म्हणाली, "तेल वापस नाही देल्लं पन तिनं."

"चूप वं! तर हा झोपेल. नाही देल्लं तर काय होईन? पावना गावात जाऊन सांगन, त्या गल्लीत उपाशी झोपलो. मंग सकाळी नळावर कोणतं तोंड दाखवन हा? आपला बेशरमपणा साऱ्या गावाले दिसन म्हणून उठला तो. गुमान उठला. दोस्ती गेली खड्ड्यात."

मी इतर पाच जणींना वेगवेगळं बसवून विचारलं. पाचही जणींनी झोपलेल्यालाच धरलं. एकीनं तर त्याच्या बायकोलाही धरलं. "ते काहून नाही उठली?"

परतीच्या एसटीत मी गुडघा चोळत बसले. ग्रेस मॅडमचं नाक मिरचीसारखं झालेलं.

"शालूताई, तुम्हाला माहीत आहे का, या शब्दावर अभ्यासकांचं भांडण आहे? काही म्हणतात, दार वाजवणाऱ्याचा निर्लज्जपणा. काही म्हणतात, नाही, घरातल्याचा, कारण त्या काळी पाहुणा सगळ्या गावाचा असे, आणि दार उघडलं नाही तर त्याची लाज निघे. यावर लोकांनी जाड जाड पुस्तकं लिहिलीत."

"मग तुम्ही आधी काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाही. तुम्हाला उत्तर माहीत होतं ना."

हे मात्र खोचूनच होतं. मी खिडकीबाहेर पाहिलं. म्हणजे मी जरीपटक्यातल्या त्या आठ जणांना नावं ठेवत होते, आणि नववी मीच. त्यांना चर्चमधलं पाठ, मला माझी डिक्शनरी पाठ.

शुक्रवारी पाद्रीसाहेबांची डोळ्याच्या दवाखान्यात तपासणी होती, म्हणून शेवटचं काम मॅडम आणि मी दोघींनीच केलं. त्यांनी माझे आठ कागद लाल पेननं आडवे कापले आणि कोपऱ्यात 'रद्द' लिहिलं, आठ वेळा. एकदा लिहून चाललं असतं. मग सातऱ्यावरचे नवीन कागद लावले, तिन्ही प्रकरणांचे. बेशरमपणा ठेवला. कोणाचा, ते वाक्यात ठरवायचं नाही असं ठरलं, कारण ग्रीकमध्येही ते ठरवलेलं नाही. पानाच्या तळाशी मात्र एक टीप घातली. ग्रेस मॅडमनी सही केली, उरलेली एक शिंक दिली आणि गाडी गाठली.

पाद्रीसाहेबांना मी एवढंच सांगितलं, "शब्द राहिला."

"म्हणजे माझ्या मायचा मार मले वर गेल्यावर मिळणार," ते म्हणाले.

पुस्तक छापून यायला पाच महिने लागले. अक्षर मुद्दाम मोठं घेतलं होतं. पहिलं बंडल फोडून एक प्रत पिशवीत टाकली आणि मी सकाळी उन्हाच्या वेळी त्यांच्या व्हरांड्यात गेले. ऊन खांद्यावरून पानावर पडेल अशी त्यांची खुर्ची फिरवली. त्यांनी पुस्तक आधी हुंगलं. मग हाताच्या बोटांनी चाचपलं. मग उघडून ती पाहुण्याची गोष्ट काढायला लावली, आणि वाचायला लागले. खणखणीत आवाजात, न अडखळता.

मला आनंद झाला, एक मिनिटभर. मग दिसलं, पान उलटायच्या आधीच पुढच्या पानावरचं वाक्य त्यांनी म्हणून टाकलं होतं.

"साहेब," मी म्हटलं, "वाचून राहिले की पाठ म्हणून राहिले?"

ते थांबले. चोरी पकडल्यासारखे हसले, पण तोंड उतरलं. "कसं सांगू शालूबाई? मले बी कळून नाही राहिलं. अकरा वर्षं झाली या ओळींसोबत. दिसते म्हणून म्हणतो का म्हणतो म्हणून दिसते, देवाले माहीत."

मी त्यांचं बोट धरलं आणि पानाच्या तळाशी नेऊन ठेवलं. "ही ओळ वाचा. ही तुम्ही लिहिली नाही."

पुस्तक उचलून त्यांनी नाकाजवळ नेलं. मान थोडी डावीकडं वळवली, उजव्या डोळ्यातल्या मधल्या जागेत अक्षरं बसतील अशी. मी भुवईसुद्धा हलवली नाही.

"बे... शरम... पणा," ते म्हणाले. "काही जाण... कार म्हणतेत, मांग... मांगणाऱ्याचा. काही म्हणतेत, दार न... उघडणाऱ्याचा." श्वास घेतला. "तवा पाव... ना... पावना एका घरचा नसे. साऱ्या गल्... गल्लीचा असे."

पुस्तक खाली आलं. "हे कोणी लिहिलं?"

"कुहीच्या सुगंधाबाईनं. मिरची खुडता खुडता."

त्यांनी पुस्तक पुन्हा वर नेलं आणि ती ओळ पुन्हा वाचली. दुसऱ्यांदाही तितकीच अडखळत. मला त्या अडखळण्याचा किती आनंद झाला, तुला काय सांगू! मग म्हणाले, "मायनं मारलं असतं मले. पण ही टीप वाचून दोन पोळ्या वाढल्या असत्या."

आता शेवटचं. टेस्टिंगची आमची एक छापील नियमावली होती. तिची पहिलीच ओळ अशी: ज्याला उत्तर आधीच माहीत आहे त्याला विचारू नये. ही नियमावली ऑफिसात सतरा वर्षं भिंतीवर लावलेली. टाइप कोणी केली होती? मीच. चाळीसच्या स्पीडनं, एकही चूक न करता. टाइप केली, वाचली नव्हती. तेव्हा लग्नात तू जे म्हणालीस ते अगदीच खोटं नाही, पण सासूबाईंना आता अर्धं तरी दुरुस्त करून सांग.

आणि ये वं लवकर. नवीन पुस्तकाचं काम आलंय, निवृत्त झाले तरी सोडत नाहीत मला. तू शाळा सुटल्यापासून काही वाचलेलं नाहीस, म्हणजे मला पाहिजे तसाच कान आहे तुझा. फोन करून येऊ नकोस. घरात काही नसलं तर मी शेजारच्या वहिनींचं दार वाजवीन. त्या उठतील. न उठून सांगतात कोणाला!